चार इंचांची बाकी

कापूरहोळ हे गाव ज्याने पाहिलेले नाही असा पुणे-सातारा रस्त्यावरचा प्रवासी विरळा, आणि ज्याने ते थांबून पाहिले असा त्याहूनही विरळा; कारण येथे येणारा प्रत्येक मनुष्य मूळचा दुसरीकडे जावयास निघालेला असतो. भोरकर येथून पश्चिमेस वळतो, नारायणपूरच्या दत्ताचा आणि केतकावळ्याच्या बालाजीचा भक्त पूर्वेस वळतो, साताऱ्याचा मनुष्य वळतच नाही, आणि जो कोठेही वळत नाही व पुढेही सरकत नाही तो एक तर एस.टी.ची वाट पाहत उभा असतो किंवा माझ्यासारखा येथला कायमचा रहिवासी असतो. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या शंभूराजांना दूध पाजणारी धाराऊ आमच्या गावची, हा आम्हां गावकऱ्यांचा अभिमान रास्तच आहे. त्यानंतरच्या साडेतीन शतकांत गावाने आपला बहुतेक वेळ इतरांना वाट दाखविण्यात घालविला, आणि त्या परोपकारी शांततेचा भंग करण्याचे काम अखेर माझ्या भाच्याकडे आले.

भाच्याने काचा पुसण्याचा धंदा काढला. ‘कोणाच्या काचा?’ हा माझा पहिला प्रश्न होता, आणि तो मी वयोमानाने विचारला असे कोणी समजू नये. ज्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात माझे आयुष्य गेले, त्या मुलखात खिडकी ही वस्तू पाहण्यासाठी नसून पाऊस, वारा आणि शेजारी यांना आत येऊ न देण्यासाठी असे. श्रावणात आडवातिडवा पाऊस लागला की लाकडी दार ओढून घ्यावे, उघडीप पडली की लोटून द्यावे, आणि गजांवर धूळ साचलीच तर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ओल्या फडक्याने ती पुसून टाकावी, एवढाच खिडकीचा संपूर्ण कारभार होता. आणि तिची उंची अशी बेताची की घरातील सर्वांत ठेंगण्या सुनेचाही हात वरच्या चौकटीला पोहोचावा. इंग्रजांच्या देशात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि तो चुकविण्यासाठी लोक आपल्या खिडक्या विटांनी बुजवून टाकीत, असे मी शाळेत मुलांना सांगत असे, तेव्हा मुलांना त्यात हसण्यासारखे काही सापडत नसे. आमच्याकडे कर नसतानाही खिडक्या तेवढ्याच असत.

पण महामार्ग रुंद झाला आणि त्याच्या कडेची घरे, हॉटेले, मोटारींची दुकाने यांनी एकाएकी भिंतींचा त्याग करून काचेचा अंगीकार केला. काच आली की धूळ आलीच. रस्त्यावरून रात्रंदिवस जाणारी ट्रकांची रांग आपापल्या वाट्याची धूळ या काचांवर इमानाने जमा करून पुढे जाते, आणि वैशाखात तर काचेमागे बसून मिसळ खाणारा गिऱ्हाईक बाहेरून असा दिसतो की जणू एखाद्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या छायाचित्रात त्याचे पूर्वज जेवावयास बसले आहेत. या काचा पंधरा-अठरा फूट उंच. शिडी लावावी तर खाली गिऱ्हाइकांच्या मोटारी, आणि शिडीवरून पडणारा मनुष्य हा कोणत्याच हॉटेलाच्या कीर्तीस पोषक नसतो. विलायतेत २००५ साली उंचीवरच्या कामासंबंधी नियम झाले आणि तेथल्या काचवाल्यांचा कल शिडीकडून लांब काठीकडे अधिकच वळला. माणसाने जमिनीवर उभे राहावे आणि ब्रशाने वर जावे, अशी ही सोयीची श्रमविभागणी. भाच्याने हे सर्व मोबाइलवर पाहिले, पुण्यास जाऊन एका दुकानातून अठरा फुटी ॲल्युमिनियमची काठी आणली, आणि एक जुनी मारुती ओम्नी विकत घेऊन तिच्या मागच्या बैठका काढून टाकल्या. धंदा सिद्ध झाला. फक्त काठी गाडीत जाईना.

आता या काठीचे वर्णन करणे प्राप्त आहे. ती दोन नळ्यांची होती. एक नळी दुसरीत सरके आणि मध्ये एक खटका होता, तो दाबला की ती हव्या त्या लांबीवर अडे. वरच्या टोकाला आटे होते, त्यांवर ब्रश किंवा रबरी वायपर फिरवून बसवावयाचा. दुकानदाराने ‘ही मिटते’ असे सांगितले होते आणि त्यात असत्य काही नव्हते. परंतु ‘मिटून किती उरते?’ हा जो दुसरा प्रश्न, तो विचारण्याची बुद्धी माणसाला काठी घरी आणल्यावर होते. पाच-सहा नळ्यांची काठी मिटून माणसाएवढी होते, पण तिची किंमत माणसाला मिटवून टाकणारी असते, म्हणून भाच्याने दोन नळ्यांची घेतली होती. ती मिटली की नऊ फूट दहा इंच उरे.

ओम्नी ही गाडी महाराष्ट्रास परकी नाही. १९८४ साली ती मारुती व्हॅन या नावाने रस्त्यावर आली, पुढे ओम्नी झाली, आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले; पण पस्तीस वर्षांच्या या कारकिर्दीत तिने शाळेची मुले, आजारी माणसे, लग्नाचे आचारी, फुलांचे हार आणि हिंदी चित्रपटांतील बहुतेक सर्व अपहृत नायिका इतक्या निर्विकारपणे वाहून नेल्या आहेत की हिच्यात काय मावणार नाही, असा प्रश्न कोणाच्या मनात येऊच नये. तिची बाहेरून लांबी ३३७० मिलिमीटर, म्हणजे अकरा फुटांहून पाऊण इंचभर अधिक. अकरा फुटी गाडी आणि दहा फुटांहून कमी काठी: हा हिशेब भाच्याने दुकानातच मनातल्या मनात केला होता आणि त्याचे उत्तर एक फूट शिल्लक असे काढले होते. गाडीला पत्रा असतो, दाराला जाडी असते, समोरची काच तिरपी असते आणि चालवणाऱ्यालाही कोठेतरी बसावे लागते, या चार गोष्टी त्याने हिशेबात धरल्या नव्हत्या; आणि त्याला गणित शिकविणारा शिक्षक मीच असल्यामुळे या बाबतीत मला फारसे बोलता येत नाही.

“मामा, जरा येता का? टेप घेऊन या,” असा निरोप आला तेव्हा मी निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती, आणि निवृत्त गणित-शिक्षकाला कोणी टेप घेऊन बोलावणे हा योग धूमकेतूसारखा क्वचित येतो. मी टेप, पेन्सिल, चौकड्यांची वही आणि चष्म्याच्या दोन्ही जोड्या घेऊन गेलो. प्रथम सरळ मोजले: मागच्या दारापासून दोन बैठकांच्या मधून पुढे मोटारीच्या घड्याळांच्या पट्टीपर्यंत आठ फूट. काही उपयोग नाही. मग मी त्यास कर्णाचे माहात्म्य समजावून सांगितले. पेटीत सर्वांत लांब रेषा ही तिच्या लांबीत नसते, रुंदीत नसते, उंचीत तर नसतेच. ती एका कोपऱ्याच्या तळापासून समोरच्या विरुद्ध कोपऱ्याच्या माथ्यापर्यंत जाते, आणि ही गोष्ट ग्रीकांनी आपल्या नावावर चढवून घेण्यापूर्वी बौधायनाने यज्ञवेदी मोजताना सांगून ठेवली आहे. भाचा म्हणाला, “बौधायन राहू द्या मामा, काठी घाला.” आम्ही ती उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यातून, तळाशी टेकवून, डावीकडे समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्याकडे घातली. नऊ फूट सहा इंच गेली आणि थांबली.

चार इंच बाहेर.

ज्याने शेतसाऱ्याच्या पावत्या पाहिल्या आहेत त्याला ‘बाकी’ या शब्दाचा दरारा ठाऊक असतो. भागाकाराची बाकी ही निरुपद्रवी असते. ती कोपऱ्यात लिहिली की संपली. सरकारी बाकी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि ही चार इंचांची बाकी त्या दुसऱ्या जातीची होती. मी वहीत काठीचे घनफळ काढले: दीड इंच व्यासाची ही काठी पाण्यात बुडविली तर जेमतेम साडेतीन लिटर पाणी बाहेर सांडेल, म्हणजे एका मध्यम कळशीचीही ती मानकरी नव्हे; आणि गाडीच्या पोटात तीन हजार लिटरांहून अधिक पोकळी! हजारातला एक भाग जागा मागणारी वस्तू हजारही भाग रिकामे असताना आत जावयास तयार नाही, या प्रकाराला व्यवहारात आपण हट्ट म्हणतो. पोती, बादल्या, गाद्या, मनुष्ये या सर्वांना दाबता येते, वाकविता येते, ‘जरा सरकून घ्या’ म्हणता येते. लांबी सरकून घेत नाही. आमच्या नात्यात एक गृहस्थ होते. ते अंगाने कृश, आहाराने अल्प, वाणीने मित, परंतु पंगतीत त्यांचे पान जेथे मांडावे तेथून ते उठून दुसरीकडे बसत, आणि त्यांच्या एकट्यामुळे अख्खी पंगत दोनदा उठे. काठी पाहिली की मला त्यांची आठवण येई.

“चार इंच कापून टाक,” मी म्हणालो.

“वॉरंटी जाईल, मामा.”

वॉरंटी या शब्दापुढे पूर्वी सोवळ्यापुढे जशी बुद्धी थांबे तशी हल्ली थांबते. मी त्यास ११५० सालच्या ‘लीलावती’तला बांबू सांगितला. भास्कराचार्यांचा बत्तीस हातांचा बांबू वाऱ्याने मोडतो, त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीस टेकते, आणि तो किती उंचीवर मोडला हे विचारले जाते. उत्तर बारा हात. आठशे-साडेआठशे वर्षे हे उदाहरण सोडविणाऱ्या एकाही विद्यार्थ्याने ‘बांबूची वॉरंटी होती काय?’ असे विचारलेले नाही, हे मी भाच्याच्या निदर्शनास आणून दिले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मागचे दार चार इंच उघडे ठेवून, दोरीने बांधून, गाडी सुरू केली.

या पद्धतीने धंदा नऊ दिवस चालला. मी पाहणीसाठी एकदा बरोबर गेलो, आणि डावीकडच्या बैठकीवर बसलेल्या मनुष्याच्या कानशिलाशी काठीचे टोक कायम वास्तव्यास असते हा शोध मला खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापाशी लागला. टोलवरच्या मुलाने आत डोकावून माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिले की मी पळवून नेला जाणारा वृद्ध नसून या गाडीचा सल्लागार आहे, असा खुलासा करण्याचा मोह मी महत्प्रयासाने आवरला. मागून दोरी, दोरीला लाल फडके. वाहनाबाहेर वस्तू डोकावत असली की तिला लाल फडके बांधावे आणि मग ती डोकावत नाही असे समजावे, हा आपल्याकडचा सनातन संकेत; पण २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात गाडीच्या अंगाबाहेर येणाऱ्या मालासाठी १९४ (१अ) हे कलम घातले गेले असून त्याचा आकडा वीस हजार रुपये आहे, हे मी नातवाच्या मोबाइलवर वाचले आणि परतीच्या वाटेवर भाच्यास ऐकविले. त्याने हिशेब केला: इंचास पाच हजार. त्या दिवसापासून दार लागू लागले आणि काठी पुढे सरकली. कोठे सरकली, हे दुसऱ्याच दिवशी कात्रजच्या घाटात कळले. पुढच्या टेम्पोने ब्रेक लावला, भाच्याने ब्रेक लावला, काठीने लावला नाही. समोरच्या काचेवर वरच्या डाव्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी एक नक्षी उमटली. लोकांच्या काचा पुसून जे मिळाले होते ते स्वतःच्या काचेत गेले, असे आक्काने, म्हणजे त्याच्या आईने, चुलीपुढून न उठता सांगितले.

तेव्हा काठी टपावर गेली. वर लोखंडी कॅरियर बसविला, दोन्ही टोकांना रबराच्या पट्ट्या आवळल्या. सर्व प्रश्न सुटले असे वाटण्याइतका सुखाचा तो एक आठवडा. पण चैत्र चालू होता, हे आम्ही विसरलो. चैत्रात या महाराष्ट्रात लांब काठी ही नुसती काठी राहत नाही. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला सासनकाठ्या नाचतात, शिंगणापूरच्या मुंगी घाटातून कावडी माणसांच्या साखळीने वर चढतात, आणि रस्त्याने एखादी उंच काठी चालली की म्हातारी माणसे आपोआप पायातले काढून ठेवतात. कापूरहोळच्या चौकात गाडी उभी असताना एका आजीबाईंनी टपाकडे पाहून हात जोडले, हळदीकुंकवाची पुडी सोडली, आणि “कुठल्या देवाची बाबा?” असे विचारले. भाचा प्रामाणिक आहे. तो म्हणाला, “हॉटेलाची.” आजीबाईंनी तरीही कुंकू लावले, हॉटेलाचा देव असू नये असे शास्त्र नाही. दुसऱ्या एका ठिकाणी ब्रश काढून ठेवलेली ती उघडी काठी पाहून विजेच्या कामावरचे एक गृहस्थ सायकलवरून उतरले आणि “रात्री आकडा टाकायला वापरता का?” असे त्यांनी मंद स्मित करून विचारले. आकडा टाकणे म्हणजे काय हे खेड्यात सांगावे लागत नाही. धातूची काठी तारेजवळ नेणारा मनुष्य वीज चोरण्यासाठी जिवंत उरत नाही, हे त्यांना ठाऊकच होते. पण संशय हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. शेतकऱ्यांनी आंबे उतरविण्याचा झेला समजून दर विचारला. एकाने तर टोकाला जाळी बसवून मिळेल काय, असेही विचारले, आणि मला वाटते, भाच्याने त्याच वेळी धंदा बदलला असता तर पुढचे सर्व टळले असते.

उन्हाने रबर चिरले. धुळीने खटका अडकला. मग पाइप आला. शेतीच्या दुकानात वीस फुटी पीव्हीसीचा पाइप मिळतो. त्याचा अर्धा भाग कापून, दोन्ही टोकांना टोपणे लावून, तो कॅरियरवर बांधला आणि काठी त्याच्या आत घातली. कल्पना निर्दोष होती. पण एका पावसाळी आठवड्यात काम नव्हते, मागचे टोपण सैल राहिले, आणि कुंभारीण माशीने पाइप आपल्या नावावर करून घेतला. तिने काठीच्या पोकळ टोकात मातीचे इतके घोटीव घर बांधले की आटे दिसेनासे झाले. ते फोडताना भाच्याच्या बोटाला जो डंख झाला त्याला मी हळद लावली, आणि लावता लावता माझ्या डोक्यात एक तजवीज आली.

लांब वस्तू वाहून नेण्याची आपली जुनी रीत कोणती? ती न नेणे! जुन्या काळी डाकेचा स्वार एकच घोडा पुण्याहून शेवटपर्यंत दामटीत नसे. वाटेवर चौक्या असत, चौकीवर ताजा घोडा बांधलेला असे, आणि स्वार फक्त थैली घेऊन पुढे जाई. काठीचेही तसेच करावे. रस्त्यावरच्या तीन हॉटेलांत तीन काठ्या ठेवाव्यात, गाडीतून फक्त ब्रश, वायपर, बादली आणि मनुष्य यांची ने-आण करावी. मी यावर रीतसर टिपण लिहिले. प्रस्ताव, कारणे, अंदाजे खर्च, शेवटी ‘मंजुरीस्तव सादर’. भाच्याने आर्थिक कारणास्तव तूर्त एकाच चौकीला मंजुरी दिली. ज्या हॉटेलाच्या काचा सर्वांत मोठ्या, त्याच्या मालकास विनंती करून काठी त्याच्या मागच्या पडवीत उभी केली आणि “आपलीच समजा” असे सौजन्याने सांगितले.

हे वाक्य सांगावयास नको होते.

एक महिना बरा गेला. भाचा रिकाम्या गाडीतून जाई, काठी घेई, काचा पुसे, काठी ठेवी, रिकाम्या गाडीतून येई. आणि गाडीत आता इतकी जागा होती की आक्काने तिच्यातून इंद्रायणी तांदळाची पोती आणण्याचे काम सुरू केले. मग लग्नसराई आली. एके दिवशी सकाळी मी आणि भाचा हॉटेलापाशी उतरलो तो समोर मांडव, झालरी, विजेच्या माळा, आणि मांडवाच्या उजव्या बाजूस, सनई वाजविणाऱ्याच्या डोक्यावर कनात पेलून धरणारी, झेंडूच्या माळेने आपादमस्तक सजलेली आमची काठी. मालक लगबगीने पुढे आला. “एक बांबू कमी पडला हो दादा. तुमची होतीच मागे. वरात निघाली की देतो.” त्याने आम्हांस जेवावयास बसविले. जेवण उत्तम होते, हे प्रांजळपणे नमूद करतो.

वरात निघाली, कनात उतरली, आणि मालकाच्या मुलाने काठी आणून दिली. ती माझ्या हाताला जराशी हलकी लागली. “मांडव बुटका पडत होता,” मालक म्हणाला, “म्हणून वरून एक फूट कापली. बाकी काही हात लावला नाही.” मिटलेल्या काठीचा वरचा भाग दोन्ही नळ्यांसकट करवतीने साफ उतरविला होता, आटे ज्या टोकाला होते तो, आणि खटका ज्या ठिकाणी होता तोही. ब्रश आता कशावरच बसणार नव्हता, आणि काठी लांबही होणार नव्हती. पण मालक सरळ मनुष्य होता. त्याने आत जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो फूटभराचा तुकडा आणला आणि माझ्या हाती दिला. “मोजून घ्या मास्तर, तुमचं काही ठेवलेलं नाही.”

भाचा काही बोलला नाही. त्याने गाडीचे मागचे दार वर उचलले, काठी उजवीकडच्या कोपऱ्यात टेकवून डावीकडे सारली, आणि ती लोण्यात सुरी जावी तशी गेली. दार खाली आले, खट् असे वाजले, आणि लागले. मी टेप काढला. काठी आठ फूट दहा इंच, तुकडा एक फूट. बेरीज बिनचूक होती.